सराव पेपरात मुलीचा कोन दरवेळी २-३ अंशांनी चुकतो. कोनमापक नीट कसा शिकवू?

मुलीला बोलू नका, आधी पेपर तपासा.

माझी मुलगी पाचवीत असताना कळव्यात एका स्कॉलरशिप क्लासला जायची. दर रविवारी सराव पेपर, दर रविवारी कोनावर लाल फुली. उत्तरसूचीत ६०, हिचे ५७ नाहीतर ५८. मीपण आधी तिलाच झापलं. मग स्वतः मोजला तर साडेसत्तावन! नवा कोनमापक आणला, तरी तेच.

माझं नौपाड्यात डीटीपीचं काम. पेपर दिव्याखाली धरला आणि नजर खालच्या प्रश्नातल्या वर्तुळावर गेली. वर्तुळ कसलं, अंडं होतं. पट्टी लावली: आडवं ४.४ सेंटिमीटर, उभं ४. पानात बसवायला कोणीतरी आकृत्या वरून दाबल्या होत्या. संगणकावर आकृती कोपऱ्याला धरून ओढली की प्रमाण राहतं, कडेवरच्या मधल्या चौकोनाला धरलं की बोंबललं, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात कळतं. एक भुजा आडवी असली की एवढ्या दाबण्याने ६० चा साडेसत्तावन होतो, ४५ चा सव्वाबेचाळीस.

सरांकडे गेलो. त्यांनी त्याच पानावरच्या काटकोनात गुण्या बसवला. "बघा, ९० चे ९०. झेरॉक्स लहान करा, मोठी करा, कोन बदलतो का कधी?" पोरं हसली. अहो, एक भुजा आडवी, एक उभी, तो काटकोन पान दाबून हलेल कसा? तिरक्या भुजेचं बोला की! पण हे मला सुचलं कळवा नाक्यावर, रिक्षात बसल्यावर.

क्लास आम्ही सोडला. तुम्हीही सोडा.

बाकी, कोनमापकाची शून्याची रेघ बहुतेक वेळा प्लास्टिकच्या कडेवर नसते, थोडी वर असते. मुलं कड टेकवतात. भुजा आखूड असेल तर टोकदार पेन्सिलीने वाढवून घ्यायची. आतले आकडे की बाहेरचे, हा घोळ तुमच्या मुलीचा नाही. तो असता तर ६५ चे ११५ आले असते.

आणि हो, सगळीकडून सारखी लहान केलेली झेरॉक्स असेल तर कोन बदलत नाही, तेवढं सरांचं बरोबर. पण झेरॉक्सचं नाव मी काढलंच कुठे होतं?