मुलाच्या कागदावर आपला हात नको

प्रिय बेटा,

चित्रकलेची शिक्षिका म्हणून शाळेत रुजू झालीस हे वाचून फार आनंद झाला. पहिल्या तासाला फळ्यावर काय काढून देऊ, असं तू विचारलंस. काहीच काढून देऊ नकोस.

फळ्यावर चित्र दिसलं की पन्नास कागदांवर तेच उतरतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. आपल्या नागपुरात किती पोरांच्या दारात नारळ आहे? कडुलिंब आहे, पण तो कुणी काढत नाही, कारण आम्ही मास्तरांनी तो कधी फळ्यावर काढलाच नाही.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. दुसरीचा वर्ग होता, तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी नंदीचा पोळा, नुकताच झालेला. एका मुलीनं आपला लाकडी नंदी काढला होता. नंदी बाजूनं दिसणारा, तरी दोन्ही डोळे एकाच गालावर, चारही चाकं एका ओळीत आणि घुंगरमाळ नंदीच्या तोंडाहून मोठी. मी खोडरबर घेतलं. एक डोळा पुसला, दोन चाकं मागे नेली, माळ आखूड केली. पुढच्या तासाला ती कोरा कागद घेऊन टेबलाशी आली. "सर, तुमीच काढून द्या ना." वर्षभर ती हेच म्हणत राहिली. ती माळ तिनं स्वतः ओवली होती, हे मला पुढे तिच्या आईकडून कळलं.

सहा-सात वर्षांचं मूल डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा मनाला ठाऊक असलेलं काढतं. नंदीला चाकं चार, मग चारही दिसायलाच हवीत. जे जिवाभावाचं ते मोठं. याच वयात कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आभाळाची निळी पट्टी आणि भिंतीतून आरपार दिसणारी, पोळ्या लाटणारी आई. यातलं काही दुरुस्त करू नकोस. शेजारी बस, "इथं काय चाललंय?" विचार आणि ऐक.

चौथी-पाचवीत मात्र मुलं स्वतःच म्हणू लागतात, "मला येत नाही." तेव्हा बघायला शिकव. सोललेलं संत्रं समोर ठेव. पुढची फोड मागचीला कशी झाकते, पांढरे धागे कुठून कुठे जातात, ते बोटानं दाखव. काढून दाखवायचंच असेल तर आपल्या वेगळ्या कागदावर. एलिमेंटरी ग्रेड ही चित्रकलेची सरकारी परीक्षा सातवी-आठवीची मुलं देतात. शाळेतले कुणी तिसरीपासूनच तिचा सराव घ्या म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हण.

रंगपेटी सगळ्यांकडे नसेल. मेणबत्तीनं कोऱ्या कागदावर चित्र काढायला लाव आणि वरून पातळ रंग फिरव. मेणावर रंग बसत नाही, पांढरी रेघ उमटते. तेव्हाचे त्यांचे चेहरे बघ. होळीच्या सुमारास पळसाची फुलं उकळ, केशरी पाणी मिळेल. कोळसा आणि विटेचा तुकडा तर फुकटच.

आणि आपल्या शहराकडे बघ. ईडापीडा घालवायला मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, सोबत कागद, कापड, बांबूचे बडगे, म्हणजे लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे. मुलांनी हे सगळं जवळून पाहिलेलं असतं. "तुमच्या गल्लीची ईडापीडा कोणती?" विचार आणि तिचा बडग्या करू दे. माझ्या वर्गात एकानं रस्त्यातला खड्डा केला होता, दात असलेला.

गणपतीच्या आधी वर्गाला चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत ने. मूर्तिकार डोळे आखतो तेव्हा गडबडी पोरंही श्वास धरून उभी राहतात. तिथं वही-पेन्सिल नको, नुसतं बघू दे. दुसऱ्या दिवशी वर्गात कोरे कागद वाट आणि तू मागच्या बाकावर जाऊन बस.

तुझे,
सर