सोयापेंडीऐवजी दुभत्या गाईला बाकला (फाबा बीन, एक कडधान्य) चालेल का?

चालेल, पण किलोला किलो नाही. सोयापेंडीत साधारण ४५ टक्के प्रथिने, बाकल्यात २६-२८. म्हणून १ किलो पेंड काढली तर सुमारे १.७ किलो बाकला द्या आणि मक्याचा भरडा ७०० ग्रॅमने कमी करा. हे दुसरे काम बहुतेकजण विसरतात. बाकल्यात स्टार्च ४० टक्क्यांच्या आसपास असतो. मका तसाच ठेवला तर कोटीपोटात (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटात) आम्लता वाढते, शेण पातळ होते, दुधाचे फॅट घसरते. दाणा जाडसर भरडा, पीठ नको. भरडलेला माल लवकर खवट होतो, आठवड्यापुरताच काढा. बदल दोन आठवड्यांत हळूहळू करा. बाकल्यात मेथिओनिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी असते, शिवाय त्यातली प्रथिने कोटीपोटातच झपाट्याने विघटित होतात. त्यामुळे जास्त दुधाच्या गाईची सगळी पेंड बंद करू नका. कच्चा राजमा मात्र अजिबात नको.