बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?

हार्ट अटॅकनंतर काही महिन्यांनी रुग्ण हा प्रश्न विचारतो आणि घरचे म्हणतात, "हे ऐकतच नाहीत." ही जोडी माझ्यासमोर वारंवार येते. त्यातलेच हे एक गृहस्थ, पन्नाशीतले, स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेले.

"सगळ्याच गोळ्या बंद केल्यात?"

"नाही. कोलेस्टेरॉलची, आणि रक्त पातळ करणाऱ्या दोनांतली एक."

"नेमक्या त्याच का?"

"मांड्या दुखतात. दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. आणि रिपोर्ट तर नॉर्मल आहे."

ही बेफिकिरी नव्हती. त्यांनी विचार करून निर्णय घेतला होता, फक्त अर्ध्या माहितीवर. माझ्या अनुभवात गोळ्या सोडणारे बहुतेक असेच असतात, म्हणून मी दटावत नाही, कारण विचारते.

रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, थांबवली की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा चढतं. स्टेंटवर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नीट धरेपर्यंत तिथे गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारी दुसरी गोळी साधारण वर्षभर देतात, मुदत कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनी. दात काढायचा असला तरी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती थांबवू नये.

मग ते हळूच म्हणाले, "गोळी हातात घेतली की ती रात्र आठवते."

गाठ इथे होती. पत्नी दिवसातून कितीदा तरी "घेतली का?" विचारायची, आणि दर वेळी त्यांना आपण आजारी असल्याचं नव्याने कळायचं. आम्ही ते विचारणं बंद केलं. सात कप्प्यांची डबी टूथब्रशजवळ ठेवली. ती रविवारी ते स्वतः भरणार आणि आठवड्याच्या गोळ्या उरल्या की नवीन आणणार. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

तक्रारी मात्र कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यायच्या. त्यांचं स्टॅटिन बदललं, मांड्यांचं दुखणं कमी झालं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, रक्त पातळ करणाऱ्या टिकाग्रेलॉर या गोळीने कधी धाप लागते. यांनाही पर्याय असतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे. काळी शौच झाली, रक्त थांबेना किंवा छातीत पुन्हा दुखलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचं.