किनाऱ्याची रेषा आखताना

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या जगाच्या मुक्त नकाशावर किनारा आखताना, उपग्रहचित्रात जिथे पाणी संपलेले दिसते तिथेच रेघ ओढण्याचा मोह नव्या सदस्याला होतोच, पण ते चित्र ओहोटीच्या वेळी टिपलेले असेल, तर सपाट किनाऱ्यावर तुमची रेषा शेकडो मीटर समुद्रात सरकते. या नकाशावर किनारारेषा म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीची सरासरी मर्यादा. ती शोधण्यासाठी चित्र पुरेसे मोठे करून ओल्या, गडद वाळूची कड सोडा आणि त्याहून वर, वाहून आलेल्या शेवाळाचा व काटक्यांचा जो बारीक काळपट पट्टा कोरड्या वाळूवर दिसतो, तो धरा; शक्य असल्यास वेगवेगळ्या तारखांची दोन-तीन चित्रे ताडून पाहा. खारफुटीत मात्र झाडांच्या शेंड्यांखाली पाणी लपलेले असते, म्हणून हिरवळ दिसली की जमीन आली असे समजू नका. रेषेची दिशाही महत्त्वाची आहे: रेषा ज्या दिशेने काढत जाल, त्या दिशेने पाहता जमीन डावीकडे, पाणी उजवीकडे. मी सुरुवातीला एका छोट्या बेटाची रेषा उलटी काढली होती आणि तपासणीच्या साधनाने ते बेट लगेच चूक म्हणून दाखवले. नदीच्या मुखाशी रेषा कुठे आडवी न्यावी, याबद्दल जाणकारांतही मतभेद असल्याने तिथली जुनी रेषा विचारल्याशिवाय हलवू नये.