रॅम्प कोणासाठी आहे ते आधी सांग

पत्र वाचलं. तुझी तक्रार थोडक्यात अशी, की कितीतरी वर्षं बंद पडलेलं घर तुम्ही दोघांनी पाडून नवीन बांधायचं असं ठरवूनच घेतलंत, आणि आता ड्रॉइंग हातात आल्यावर नवरा म्हणतोय, कशाला पाडायचं, डागडुजी करू, प्लास्टर मारू, चालेल की. तुझ्या मते तो पैशाला घाबरलाय, आणि त्याला पटेल असं काहीतरी मी लिहून द्यावं.

पाडायच्या बाबतीत तू बरोबर आहेस, ते लगेच संपवते. स्लॅबचे पापुद्रे पडून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्यात, इंजिनिअरने ठोकून बघून नको म्हटलंय, मग वरून प्लास्टर मारणं म्हणजे पैसे पाण्यात. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, मग ते काँक्रीट नवीन प्लास्टरही घेऊन खाली येतं.

पण मी अडकलेय तुझ्या पत्रातल्या कंसात. तू लिहिलंयस, "खाली एक जास्तीची खोली, रुंद दार, बाथरूमचं दार बाहेर उघडणारं आणि पुढे रॅम्प, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून". आणि पार शेवटी, जाता जाता, आई मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडली तेव्हापासून दादाकडे आहे.

पुढेमागे? अगं, बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं हे तेव्हाच सुचतं, जेव्हा आपलं माणूस आत पडलेलं असतं आणि दार त्याच्याच अंगाला अडून ढकलता येत नसतं. ती खोली आईची आहे. मला हे दोन मिनिटांत कळलं, आणि नवरा एवढे दिवस ते ड्रॉइंग बघतोय! जोतं दोन फूट म्हणतेस, व्हीलचेअरला एकास बाराचा उतार, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, धरला तर रॅम्प झाला चोवीस फुटांचा, पुढचं सगळं अंगण खाल्लं त्याने, ती काय लपणारी गोष्ट आहे का? तो घर पाडायला नाही म्हणत नाहीये, त्याला न विचारता काढलेल्या खोलीला नाही म्हणतोय, आणि तेही सरळ न बोलता, म्हणजे तोही तुझ्याइतकाच घुम्या.

आईला आणायचंय यात लाजण्यासारखं काय आहे? हक्काने आण की. पण नकाशात चोरून नको आणूस. आज रात्री ड्रॉइंग पसर, त्या खोलीवर बोट ठेव आणि सांग, ही आईसाठी आहे, तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. बस्स एवढंच, दादा-वहिनीचं पुराण लावू नकोस. भांडण होईल, होऊ दे, आत्ता कागदावर भिंत हलवायला खोडरबर पुरतं, एकदा पायाचं फूटिंग भरून कॉलम उभे राहिले की नाही हलत. तोवर जेसीबीवाल्याला थांबव, आणि त्या स्लॅबखाली कोणाला उभं राहू देऊ नकोस.

आणि हो, रॅम्प जिथे संपतो तिथे दारापुढे पाच फूट तरी सपाट जागा ठेवलीय का बघ, उतारावर व्हीलचेअर धरून कुलूप उघडता येत नाही.