इस्तंबूलला अकरा तास मिळाले तर?

प्रश्न: मुलाकडे न्यू जर्सीला चाललोय दोघं, इस्तंबूलला सकाळी सात ते संध्याकाळी सहा थांबा आहे. बाहेर पडावं का? हे म्हणतात एअरपोर्टवरच बसू.

उत्तर: ताई, नक्की पडा! तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे ना, मग तुर्कीचा ई-व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, तो आधीच काढून प्रिंट जवळ ठेवा, आणि सामान थेट पुढे जातंय ना हे मुंबईतच काउंटरवर विचारून घ्या. मेट्रोने गायरेत्तेपे, तिथून दुसरी मेट्रो धरून वेझनेजिलेर, मग ट्राम पकडून सुलतानअहमत, म्हणजे शहराचा जुना भाग, जायला दीड तास धरा. खूप काही बघायच्या मागे लागू नका. आया सोफिया मात्र बघाच, सन 537 मध्ये चर्च म्हणून बांधलेली, 1453 नंतर मशीद, मग म्युझियम आणि 2020 पासून परत मशीद, त्या घुमटाकडे मान वर करून बघितलं ना की प्रवासाचा शीण कुठल्या कुठे जातो, खरंच सांगते. डोक्यावर घ्यायला ओढणी असू द्या. समोरच जमिनीखाली जुनं पाण्याचं टाकं आहे, 336 खांबांचं, दोन खांबांच्या तळाशी मेडुसाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या केसांच्या जागी साप असलेल्या बाईचं डोकं, एक आडवं एक उलटं! बाहेरच्या चौकात इजिप्तहून आणलेला दगडी स्तंभ आहे, तो बघायला तिकीट नाही. दुपारी दोनला मात्र परत निघाच, रांगा मोठ्या असतात.