पिंडासमोर दिलेला शब्द

आई-वडील जाऊन वर्षे लोटली, तरी आपण जगतो आहोत ते त्यांना पसंत पडले असते का, या प्रश्नाने पोखरलेली अनेक माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, आणि पितृपंधरवड्याच्या सुमारास त्यांची संख्या वाढते. त्यांपैकी एकाची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ मुंबईत अग्निशमन दलात आहेत. चाळीतली मुले त्यांना सुपरहिरो म्हणतात आणि नेमके तेच त्यांना बोचते. त्यांचे वडील, तात्या, गिरणी कामगार. १९८२ च्या संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी ते एक होते. गिरणी सुटल्यावर त्यांनी रखवालदारी केली आणि मुलाने बँकेत लागावे एवढाच ध्यास घेतला. ते गेले तेव्हा दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बराच वेळ ताटकळल्यावर काकांनी मुलाला पुढे करून "मी बँकेत लागेन" असे सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणायला लावले, आणि कावळा शिवला. वर्षाच्या आत आईही गेली. पुढे बँकेच्या परीक्षा सोडून ते दलात भरती झाले. आगीची वर्दी आली की डोक्यात दुसरे काही नसते, पण केंद्रावर परतून बूट काढताना "यासाठी शिकवला होता का तुला?" असे तात्या विचारत आहेत असे वाटते, हे त्यांनी मान खाली घालून सांगितले. झोप, भूक आणि काम सुरळीत होते, त्यामुळे त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची गरज मला वाटली नाही.

अशा वेळी आप्तेष्ट "ते वरून बघत असतील, त्यांना अभिमानच वाटत असेल" असे म्हणून मोकळे होतात. मी तसे म्हणत नाही, कारण मला ते ठाऊक नसते आणि ऐकणाऱ्यालाही ते कळते. या गृहस्थांनी स्वतःच बॅटमॅनचा विषय काढला. त्या नायकाचे आई-वडील लहानपणीच मारले जातात आणि त्यांच्यासाठीच तो मुखवटा चढवतो. पण २०१७ च्या एका कथेत वडील समोर येऊन त्याला हे सोडून दे असेच विनवतात. "म्हणजे त्याच्याही बापाला पटले नाही," असे म्हणून ते कडवट हसले. ती विनवणी नापसंतीची आहे की काळजीची, एवढेच मी विचारले.

गेस्टाल्ट नावाच्या मानसोपचार पद्धतीत तिचे एक प्रवर्तक फ्रिट्झ पर्ल्स यांनी रुजवलेले रिकाम्या खुर्चीचे तंत्र इथे उपयोगी पडले. समोरच्या खुर्चीत तात्या आहेत असे मानून त्यांच्याशी बोलायचे आणि मग त्या खुर्चीत बसून त्यांच्या वतीने उत्तर द्यायचे. खुर्ची बदलताच त्यांनी पाठ वाकवली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "पगार महिन्याच्या महिन्याला होतो का रे?" थोडे थांबून, "आणि कुणाच्या गेटावर उभे राहावे लागत नाही ना?" रागाच्या तयारीने बसलेल्या माणसाच्या तोंडून हे आल्यावर ते स्वतःच चपापले. तो आवाज अर्थात त्यांचाच होता. तात्यांनी कौल दिला असे मी मानत नाही आणि त्यांनाही मानू दिले नाही. पण बँकेचा हट्ट खात्रीच्या पगारासाठी आणि मानासाठी होता, आगीशी झुंजणाऱ्या मुलाच्या विरोधात नव्हता, हा अर्थ त्यांच्याच आठवणींत इतकी वर्षे पडून होता.

पुढच्या भेटीत राग निघाला, तो काकांवर. "तो शब्द माझा नव्हताच, तात्या," असे ते खुर्चीला म्हणाले आणि लगेच, "पण दिला होता." मला हे दुसरे वाक्य अधिक मोलाचे वाटले, कारण शब्द मोडल्याची टोचणी खरी होती आणि ती तशी मान्य केल्याशिवाय हलकी होणार नव्हती. मृतांशी असलेले नाते तोडावे लागत नाही, ते काळाप्रमाणे बदलते, अशी मांडणी शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केली. आमचे कामही तात्यांना गप्प करण्याचे नव्हते.

तात्यांनी आजही कुरकुर केलीच असती, असे त्यांचे मत आहे, आणि ती कुरकुर आता त्यांना सोसते. इतकी वर्षे धाकट्या भावावर सोपवलेले श्राद्ध यंदा त्यांनी स्वतः केले. काकांशी मात्र ते अजून बोललेले नाहीत; काय बोलायचे आणि कितपत बोलायचे, याची तयारी सध्या सुरू आहे.